परक्या पगड्यांखालचा माणूस

१९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्ये काँग पडद्यावर यायला बराच वेळ लागतो. त्याआधी बेटावरचा एक विधी आहे. ढोल घुमताहेत, केसाळ कातडी पांघरलेले लोक नाचताहेत, मधे फुलांनी सजवलेली एक मुलगी बसवली आहे. सिनेमा काढायला आलेली गोरी मंडळी आडून हे सगळं चोरून टिपायला बघतात आणि पकडली जातात. ढोल थांबतात. पिसांचा भला मोठा टोप घातलेला बेटाचा म्होरक्या त्यांच्याकडे वळतो आणि चालत येऊ लागतो. मॅक्स स्टायनरने इथलं संगीत असं बांधलंय, की त्याचं एकेक पाऊल आणि वाद्यांचा एकेक ठोका बरोबर एकमेकांवर पडतो. तो चालतो तोवर वाद्यं चालतात, तो थांबला की तीही थांबतात. मग तो एका बनावट भाषेत काहीतरी गुरकावतो. जहाजाच्या कप्तानाला ती बोली थोडीफार कळते, तो अर्थ सांगतो: या सोनेरी केसांच्या बाईच्या बदल्यात आमच्या सहा बायका घ्या.

संवाद टाकाऊ आहे. चाल मात्र बघत राहावी अशी. घाई नाही, दिखाऊ दरारा नाही. हे आवार माझं आहे आणि तुम्ही कोण, एवढंच त्या चालण्यात आहे. त्या दोन मिनिटांत पडद्यावर राजासारखा तो एकटाच वागतो. बाकीच्यांचं नुसतं ये-जा करणं चाललेलं असतं.

हा चालणारा माणूस म्हणजे नोबल जॉन्सन. नाव ऐकून काही आठवलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही. श्रेयनामावलीत त्याचं नाव पुष्कळ खाली येतं आणि कितीतरी सिनेमांत तेवढंही येत नाही. १९१५ ते १९५० या पस्तीस वर्षांत तो दीडशेच्या आसपास सिनेमांत दिसला. अमेरिकन इंडियनांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, सरदार, अरब, नरभक्षकांचा नायक, न्युबियन नोकर, रशियन कोसॅक, शीख, हिंदुस्थानचा राजपुत्र. भूगोलाच्या पुस्तकातले बहुतेक धडे त्याने अंगावर चढवले. स्वतः तो अमेरिकेतला काळा माणूस, मिसूरी राज्यातल्या मार्शल गावी १८८१ मध्ये जन्मलेला. त्याच्या काळातला, त्याच्यासारखा, आपल्या हिमतीवर उभा राहिलेला काळा अमेरिकन मात्र मोठ्या स्टुडिओंनी त्याच्या वाट्याला येऊ दिला नाही. ती भूमिका त्याने केली, पण त्यासाठी त्याला स्वतःची कंपनी काढावी लागली.

मला मुळातच कडेच्या नटांचं वेड. नायक काहीतरी महत्त्वाचं बोलत असतो आणि माझं लक्ष मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या गड्याकडे. लहानपणी दूरदर्शनवर आठवड्याचा मराठी चित्रपट लागायचा. त्यात एकच गृहस्थ या खेपेला सावकार असायचे, पुढच्या खेपेला मुलीचे गरीब वडील, त्याच्या पुढे फौजदार. ते पडद्यावर आले की आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, “आला गं, तुझा माणूस आला.” अशा नटांचं एक बरं असतं. ते नट आहेत हे आपण विसरून जातो आणि गावात सावकार असतोच तसा हाही आहे, असं धरून चालतो. नोबल जॉन्सनच्या बाबतीत मात्र या विसरून जाण्याला एक वेगळीच मेख आहे.

त्याचं बालपण गेलं कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये. वडील घोड्यांच्या कामातले जाणकार, त्यामुळे पोराचा जीव शाळेपेक्षा तबेल्यात. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. मग शर्यतीच्या घोड्यांबरोबर गावोगाव फिरणं, गुरांमागे जाणं, पडेल ते काम. उंची सहा फूट दोन इंच, खांदे रुंद, घोड्यावर मांड पक्की. १९१४ मध्ये ल्युबिन या सिनेमा कंपनीची मंडळी चित्रीकरणासाठी त्या भागात आली असताना त्यांचा एक नट जखमी झाला. इंडियन म्हणून शोभेल आणि घोडे आवरू शकेल असा दांडगा माणूस तातडीने हवा होता. तो गावातच सापडला.

म्हणजे पहिलीच भूमिका मिळाली ती दुसऱ्याच समाजातल्या माणसाची, आणि तीही बदली म्हणून.

याच गावात, त्याच्याच शाळेत आणखी एक मुलगा होता. दोघांची दोस्ती होती. तो लॉन चेनी. तोही पुढे सिनेमात गेला आणि ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणून जगभर गाजला. नोत्र दामचा कुबडा केला, ऑपेरातलं भूत केलं. त्याच्या रंगपेटीवर आजही लेख लिहिले जातात. एका गावातून, एका शाळेतून निघालेले हे दोघे आयुष्यभर एकच धंदा करत होते: आपण नाही तो माणूस होऊन दाखवणं. चेनीने चेहरा बदलला की लोक त्याला कला म्हणत, कारण खालचा मूळ चेहरा कोणाचा हे प्रत्येकाला ठाऊक असे. पोस्टरवर तेच तर विकलं जाई. नोबलने मुंडासं काढून पिसं घातली तर त्यात काही बदललं असं कोणाला वाटतच नसे. गोऱ्या प्रेक्षकाच्या लेखी अरब काय, मलायी काय, इंडियन काय, सगळे त्याच एका गठ्ठ्यातले. गठ्ठ्यातला एक चेहरा दुसऱ्याच्या जागी ठेवला म्हणून त्याला अभिनय कोण म्हणणार?

फिल्मचाही यात हात होता. मूकपटांच्या काळातली बहुतेक वर्षं जी फिल्म वापरात होती ती लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळं आभाळ तिच्यावर पांढरंफटक उमटे, लाल ओठ काळे दिसत आणि गोऱ्या माणसाच्या गालावरची लाली डाग पडल्यासारखी दिसे. त्यामुळे गोरे नटही तोंडाला जाड थर थापूनच कॅमेऱ्यासमोर जात. पडद्यावर खरा रंग कोणाचाच नव्हता. नोबल मुळात उजळ तपकिरी वर्णाचा, नाकीडोळी ठसठशीत. हलका लेप दिला की तो गोरा दिसे, गडद दिला की आफ्रिकन, आणि काहीच न करता उभा केला तर मेक्सिकोपासून मलायापर्यंत कुठलाही. स्टुडिओच्या हिशेबाने हा फार सोयीचा माणूस. एका पगारात दहा देश मिळत होते.

नोबल पडद्यावर आला त्या सुमारालाच, १९१५ मध्ये, दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. तोंडाला काळं फासलेले गोरे नट त्यात काळ्या माणसांची सोंगं करतात आणि कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी तारणहार होऊन दौडत येते. काळ्या लोकांनी गावोगावी निषेध केला, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने बंदीची मागणी लावून धरली. सिनेमा तरीही तुफान चालला. चित्रीकरणाची कला त्यात इतकी पुढे गेली आहे की चित्रपटाच्या इतिहासाला तो टाळताही येत नाही, आणि आत भरलेलं विष इतकं उघडं आहे की तो सरळ मनाने बघताही येत नाही.

पुढच्याच वर्षी नोबलने ‘लिंकन मोशन पिक्चर कंपनी’ उभी केली. जमवाजमव बघण्यासारखी आहे: क्लॅरेन्स ब्रूक्स नावाचा नट, औषधांच्या धंद्यातले डॉ. जेम्स स्मिथ, हॅरी गँट नावाचा गोरा कॅमेरामन, आणि नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात पोस्टात नोकरीला असलेला नोबलचा धाकटा भाऊ जॉर्ज. काळ्या माणसांनी काळ्या प्रेक्षकांसाठी काढलेले सिनेमे, आणि त्यात काळा माणूस हसण्याचा किंवा घाबरण्याचा विषय होणार नाही, एवढं ठरलेलं.

पहिला सिनेमा दोन रिळांचा. त्याचं नावच ‘एका निग्रोच्या महत्त्वाकांक्षेची पूर्ती’ अशा अर्थाचं. नोबल यात जेम्स बर्टन, टस्कीगी या काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेतून स्थापत्य अभियंता होऊन आलेला तरुण. बापाच्या शेतीत मन रमत नाही म्हणून प्रेयसीला मागे ठेवून तो कॅलिफोर्नियाच्या तेलक्षेत्रात काम शोधायला जातो. वर्ण बघून त्याला नकार मिळतो. तेवढ्यात तेलमालकाच्या मुलीच्या गाडीचे घोडे उधळतात आणि बर्टन तिला वाचवतो. उधळलेले घोडे म्हणजे त्या काळच्या सिनेमाचा हुकमी एक्काच. निदान इथे ते आवरणारा माणूस खरोखरचा घोडेवाला होता! मालक खूश होऊन त्याला तेल शोधणाऱ्या तुकडीचा प्रमुख नेमतो. काम करता करता बर्टनच्या ध्यानात येतं, की इथल्या जमिनीची ठेवण हुबेहूब आपल्या बापाच्या शेतासारखी आहे. तो घरी परततो, शेत खणतो, तेल लागतं, लग्न होतं.

आजच्या वाचकाला हे मिळमिळीत वाटेल. गोऱ्यांविरुद्ध चढा सूर नाही, अन्यायाची भाषणं नाहीत, खलनायकाला धडा शिकवणं नाही. मला ही गोष्ट तिच्या सरळपणातच धीट वाटते. काळ्या माणसाला झाडाला लटकवून फोटो काढण्याचे ते दिवस. त्या दिवसांत पडद्यावर एक काळा इंजिनिअर येतो, जमिनीचे थर वाचतो, तेल कुठे लागेल ते हिशेबाने सांगतो आणि त्याचा हिशेब बरोबर निघतो. ग्रिफिथला याहून चोख उत्तर भाषणाने देता आलं नसतं.

दुसऱ्या सिनेमाचा विषय अगदी ताजा होता. १९१६ च्या जूनमध्ये मेक्सिकोत कारिझाल इथे अमेरिकेच्या दहाव्या घोडदळाची चकमक झाली होती. हे काळ्या शिपायांचं दल. त्यातले बरेच जण तिथे पडले. लिंकन कंपनीने लगोलग त्याच लढाईवर तीन रिळांचा सिनेमा काढला. नोबलने त्यात गावातला एक ऐतखाऊ पोरगा केला. हा फौजेत जातो आणि जखमी कप्तानाला रणातून बाहेर काढतो. तिसरा सिनेमा १९१७ मध्ये आला.

या कंपनीचा खरा भार वाहिला तो ओमाहातल्या पोस्टातल्या कारकुनाने. जॉर्ज जॉन्सन नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात पत्रं लिहायचा: थिएटरवाल्यांना, वर्तमानपत्रांना, शाळांना, चर्चना. मोठ्या स्टुडिओंची वितरणाची जाळी होती, यांची होती ती जॉर्जची पत्रं आणि ‘शिकागो डिफेंडर’सारख्या काळ्या वर्तमानपत्रांतली ओळखीची माणसं. सिनेमा चालायचा तो फक्त काळ्या वस्त्यांतल्या थिएटरांत, आणि तशी थिएटरं देशभरात मोजकी. प्रिंट हातावर मोजण्याइतक्या, त्याच या गावातून त्या गावात फिरवायच्या. लोक गर्दी करायचे, वाहवा व्हायची, आणि पुढच्या सिनेमाला लागतील इतके पैसे काही गाठीला राहायचे नाहीत. आपल्याकडे नाटक कंपन्या चालवलेल्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे गणित नव्याने सांगायला नको.

ही तूट भरून निघायची कुठून, तर नोबलच्या पगारातून. लिंकन कंपनीचा अध्यक्ष पोटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओत काम करत होता. दिवसा तिथे इंडियन आणि अरब व्हायचं आणि ते पैसे इथे आणून अभियंता व्हायचं.

हे दोन्ही डगरींवरचे पाय फार दिवस टिकणारे नव्हतेच, पण ते घसरले त्याचं कारण मजेशीर आहे. युनिव्हर्सलच्या मालिकापटांत नोबल दुय्यम भूमिका करी. काळ्या वस्त्यांतले थिएटरवाले मात्र पोस्टरवर त्याचंच नाव ठळक छापत, जणू नायक तोच. प्रेक्षक त्याच्या नावावर येत. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या थिएटरात लिंकनचा सिनेमा लागला की तिथे तर तो खरोखरच नायक. मग लोक तिकडे जात आणि युनिव्हर्सलचा धंदा बसे. तक्रारी वर गेल्या. जॉर्जने पुढे सांगितलं त्याप्रमाणे युनिव्हर्सलने नोबलला स्पष्ट सुनावलं: लिंकन सोड, तिच्या सिनेमांत दिसू नकोस, तिच्या जाहिरातींत तुझा चेहरा नको. १९१८ मध्ये नोबलने कंपनीचा राजीनामा दिला.

स्टुडिओच्या लेखी ज्याला गर्दीतला एक चेहरा म्हणून पगार मिळत होता, तो कुठल्यातरी रस्त्यावर आपला धंदा बसवण्याइतका मोठा नट आहे, हे असं कळलं. आणि कळल्यावर त्याला मोठी भूमिका द्यावी हे कोणाला सुचलं नाही, त्याचं दुसरं दुकान बंद करावं हे सुचलं.

नोबलच्या या निर्णयावर नाक मुरडणारं लिखाण मी वाचलं आहे: उद्दिष्ट सोडलं, पगार धरला. मला तसं म्हणवत नाही. तो पगार बंद झाला असता तर लिंकनला पैसा पुरवणारा झराही आटला असता. राजीनामा न देताही कंपनी बुडण्याचीच शक्यता जास्त होती. फार तर असं म्हणता येईल, की त्याने एक हरणारी लढाई थोडी आधी सोडली. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांच्याकडून शेवटच्या घासापर्यंत लढण्याची अपेक्षा करणारे बहुधा जेवून बसलेले असतात.

कंपनी त्याच्यानंतरही काही वर्षं चालली. क्लॅरेन्स ब्रूक्स नायक झाला. १९२१ मध्ये ‘बाय राइट ऑफ बर्थ’ आला, १९२३ च्या सुमाराला दुकान बंद झालं. दरम्यान ऑस्कर मिशो नावाच्या एका शेतकरी कादंबरीकाराशी जॉर्जचा पत्रव्यवहार झाला होता. त्याच्या कादंबरीवर लिंकनने सिनेमा काढावा असं चाललं होतं. बोलणी फिसकटली आणि मिशोने १९१९ मध्ये तो सिनेमा स्वतःच काढला. काळ्या अमेरिकन चित्रपटाचा जनक म्हणून आज मिशोचं नाव घेतलं जातं ते तिथपासून. लिंकनचं नाव त्या मानाने मागे पडलं, आणि त्याचं साधं कारण म्हणजे दाखवायला काही उरलेलंच नाही. ‘बाय राइट ऑफ बर्थ’चे काही मिनिटांचे तुकडे आहेत. नोबलचे तिन्ही सिनेमे गेले. उरली आहेत ती जॉर्जने जपलेली कात्रणं, पत्रं, जाहिराती. त्याने आयुष्यभर जमवलेला हा संग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे, आणि त्या कंपनीबद्दल आज कोणीही जे काही लिहितं त्यातलं बरंचसं या पोस्टातल्या माणसाच्या शिस्तीमुळे लिहिता येतं.

म्हणजे नोबलने केलेला अरब बघता येतो, नरभक्षक बघता येतो. तो इंजिनिअर मात्र वर्णन वाचून डोळ्यासमोर आणावा लागतो.

१९२४ मध्ये डग्लस फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ आला. राजकन्येला मागणी घालायला तीन राजपुत्र येतात, त्यातला हिंदुस्थानचा राजपुत्र म्हणजे आपला नोबल. मी हा सिनेमा आत्याबरोबर बसून पाहिला. मूकपट असल्यामुळे तिला बोलायला भरपूर वाव होता. पगडीवर हिरेमाणकं, कानांत भिकबाळीसारखं काहीतरी लटकतंय, अशा थाटात नोबल आला आणि आत्या म्हणाली, “हा कोण गं? आपल्याकडचाच दिसतोय.” मी म्हटलं, “आत्या, अमेरिकन आहे तो.” ती म्हणाली, “असेल बाई. आजोळ इकडचं असेल.” तिला पटवायच्या भानगडीत मी पडले नाही. स्टुडिओला जे करायचं होतं ते शंभर वर्षांनी पुण्यातल्या एका दिवाणखान्यात चोख झालं होतं.

बाकीचे दोन राजपुत्र तर आणखी भारी. मंगोल राजपुत्र जपानी नट सोजिन. पर्शियाचा लठ्ठ, मिशीवाला राजपुत्र ही चक्क एक बाई आहे, माटिल्ड कोमाँ नावाची फ्रेंच नटी. त्याच साली इकडे बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर उभे होते, आणि तिकडे बाई मिशा लावून गाद्यागिरद्यांवर लोळत होती. मंगोल दासी झालेली ॲना मे वाँग लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली. आख्ख्या पूर्वेचा कारभार हॉलिवूडने घरच्या घरी उरकला होता. गंमत म्हणजे ही पूर्व पूर्वेला फार आवडली. ब्रिटिश सरकारने १९२७-२८ मध्ये हिंदुस्थानातल्या सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली, तेव्हा इथे सर्वांत लोकप्रिय ठरलेला परदेशी चित्रपट म्हणून याच सिनेमाचं नाव पुढे आलं. म्हणजे मुंबईच्या थिएटरांत बसून हिंदुस्थानचा राजपुत्र म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्याला पाहिलं, तो कोलोरॅडोच्या तबेल्यातून आलेला माणूस होता.

विसाव्या दशकातल्या बाकीच्या भूमिका भराभर सांगते. १९२१ च्या ‘फोर हॉर्समेन’मध्ये चार घोडेस्वारांपैकी एक. रॉबिन्सन क्रुसोच्या मालिकापटात फ्रायडे. बस्टर कीटनच्या ‘द नॅव्हिगेटर’मध्ये नरभक्षकांचा मुखिया. १९२७ मध्ये ‘टॉप्सी अँड इव्हा’त अंकल टॉम. म्हणजे इथे एकदाचा काळा अमेरिकन, पण गुलामगिरीतला, आणि शेजारी टॉप्सी म्हणून तोंडाला काळं फासलेली गोरी नटी. या सगळ्यात काम म्हणून मोठं फारसं काही नाही.

१९३२ हे साल मात्र थांबून बघावं असं. ‘मर्डर्स इन द रू मॉर्ग’मध्ये तो बेला लुगोसीच्या माथेफिरू डॉक्टरचा नोकर. ‘द ममी’मध्ये न्युबियन नोकर, ममीच्या नजरेने भारलेला. आणि ‘द मोस्ट डेंजरस गेम’मध्ये इव्हान. एक रशियन सरदार आपल्या बेटावर माणसांची शिकार करतो, इव्हान त्याचा कोसॅक नोकर. दाढी, रशियन सदरा, आणि चेहरा गोरा रंगवलेला. काळ्या नटाला गोरा रंग फासून गोऱ्याची भूमिका दिल्याचं त्या काळात क्वचितच घडलं असेल. इतकी वर्षं गोऱ्यांनी काळं फासून जे केलं त्याचं हे नेमकं उलटं, आणि ते इतकं गुपचूप झालं की कोणाला बंड वाटलंच नाही.

त्यात इव्हान मुका आहे. सिनेमा बोलायला लागून पाच वर्षं झाली होती, आणि या नटाला बोलपटात मिळाला तो मुका माणूस. पण दार उघडल्यावरचा त्याचा पहिला दर्शनाचा क्षण बघा. नायक जहाज फुटून कसाबसा किनाऱ्याला लागून किल्ल्यात शिरतो आणि दाराच्या पाठीमागून हा उभा राहतो. काहीच करत नाही. नुसता बघतो. नायक बडबड करत सुटतो. ज्याच्या तोंडी शब्द आहेत तो केविलवाणा दिसतो, आणि ज्याच्या तोंडी नाहीत त्याच्यावरून नजर हलत नाही. वर्षानुवर्षं मूकपटात घोटलेलं काम आहे ते.

हा सिनेमा आणि ‘किंग काँग’ आरकेओ स्टुडिओच्या एकाच जंगलात चित्रित झाले, काही काळ तर बरोबरीनेच. तीच झाडं, तीच दरी, तेच ओंडक्यांचे पूल. नायिका फे रे आणि नट रॉबर्ट आर्मस्ट्राँग दोन्हींत आहेत, नोबलही दोन्हींत आहे. एकीत रंगवलेला गोरा रशियन, दुसरीत पिसांचा टोप घातलेला स्कल बेटाचा म्होरक्या. फे रेचं तेवढं बरं होतं: सोनेरी केसांचा टोप चढवला की झालं. आणि काँगला अडवणारी ती प्रचंड भिंत? तीही जुनीच, सेसिल डमिलच्या ‘किंग ऑफ किंग्ज’साठी उभारलेली. हॉलिवूडला भिंत टाकून देणं परवडत नव्हतं. पुन्हा रंगवायची आणि वापरायची.

नोबलचा जुना भागीदार क्लॅरेन्स ब्रूक्स याला याच सुमारास, १९३१ मध्ये, जॉन फोर्डच्या ‘ॲरोस्मिथ’मध्ये वेस्ट इंडीजमधल्या काळ्या डॉक्टरची भूमिका मिळाली. छोटी, पण ताठ मानेची. तिच्याबद्दल त्या वेळी काळ्या वर्तमानपत्रांत खूप कौतुकाने लिहिलं गेलं. लिंकन कंपनीला जे दाखवायचं होतं त्यातला एक कण शेवटी मोठ्या स्टुडिओच्या पडद्यावर पोचला, तो नोबलच्या नव्हे, ब्रूक्सच्या तोंडून.

नंतरच्या वर्षांत नोबल वय वाढेल तसा आणखी मागच्या रांगेत सरकत गेला. १९४० च्या ‘द घोस्ट ब्रेकर्स’मधला त्याचा झोंबी अजूनही दचकवतो. १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये तो शीख आहे. १९४९ मध्ये फोर्डच्या ‘शी वोअर अ यलो रिबन’मध्ये तो रेड शर्ट या तापट इंडियन सरदाराचं काम करतो आणि जॉन वेनच्या पायाशी बाण मारतो. रंगीत सिनेमा, माणूस अडुसष्ट वर्षांचा. पुढच्या वर्षी रॉय रॉजर्स या काउबॉय नटाच्या एका सिनेमात पुन्हा एकदा इंडियन होऊन त्याने काम थांबवलं. पहिली भूमिका इंडियनाची होती, शेवटचीही तीच. १९७८ च्या जानेवारीत, ९६ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या युकाइपात तो वारला. लॉन चेनीला जाऊन तोवर ४७ वर्षं झाली होती.

त्याने आपण कोण हे लपवलं का, असा प्रश्न काही जण करतात. पडद्याबाहेर तरी नाही. काळ्यांची वर्तमानपत्रं त्याला ‘आपला नोबल’ म्हणून मिरवत होती आणि त्यांचा प्रेक्षक तो कोण हे नीट जाणून तिकीट काढत होता. एकच सिनेमा, एकच रीळ, पण दोन प्रकारच्या थिएटरांत दोन निराळी माणसं दिसत होती. गोऱ्यांच्या थिएटरात एक अरब दिसे. काळ्या वस्तीत तोच अरब पडद्यावर आला की लोक म्हणत असणार, बघा, जॉन्सनने आज अरबाचं काम कसं वठवलंय. त्याचा अभिनय अभिनय म्हणून पाहिला गेला तो त्या दुसऱ्या थिएटरात.

बघायचं असेल तर ‘द मोस्ट डेंजरस गेम’पासून सुरुवात करा. त्यावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, इंटरनेटवर फुकट मिळतो आणि सव्वा तासाच्या आत संपतो. त्यानंतर लगेच ‘किंग काँग’ लावा, जंगल ओळखीचं वाटेल. ‘थीफ ऑफ बगदाद’ अडीच तासांचा आहे, फेअरबँक्स त्यात उड्या फार मारतो, आणि घरात कोणी वडीलधारं असेल तर त्यांना बरोबर घेऊन बसा. ‘टॉप्सी अँड इव्हा’ मात्र कुतूहल म्हणूनही बघू नका, मी अर्ध्यात बंद केला.